सातवं वर्ष कुणाच्या पटावर?

(व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाचे नियम लिहिणाऱ्या, कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतल्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र)

महोदय, महोदया,

बेळगावात शहापूर भागात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं काम फॉर्म भरून देण्याचं. एप्रिल उजाडला की ऑगस्टपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सी.ई.टी., नीट, डिप्लोमा, आय.टी.आय., स्कॉलरशिप, इकडची पुस्तिका, तिकडची पुस्तिका. तुम्ही लिहिलेले नियम तुमच्या खालोखाल मीच सर्वांत जास्त वेळा वाचले असतील. तेव्हा ‘आधी नियम नीट वाचा, बाई’ हे उत्तर मला देऊ नका, एवढं सुरुवातीलाच सांगते.

गेली कित्येक वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांचे फॉर्म भरले. कुणाचा नाकारला गेला की वाईट वाटायचं, पुढचा टोकन नंबर आला की विसरायचे. यंदा घरचा फॉर्म होता.

माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, जन्मली बेळगावात आणि वाढली मस्कतमध्ये. चार महिन्यांची असताना गेली, दहावीची परीक्षा तिथे देऊन २०२३ च्या मे महिन्यात परत आली. अकरावी-बारावी, म्हणजे आमच्याकडची पी.यू.सी., इथे केली. तिला इंजिनियर व्हायचंय. मार्क चांगले आहेत. कर्नाटकाचा नियम असा, की मुलाने स्वतः या राज्यात सात वर्षं शिक्षण घेतलेलं असावं. ते नसेल तर आणखी एक वाट आहे: मुलाने दोन्ही वर्षं पी.यू.सी. इथे केलेली असावी आणि आई किंवा वडील यांच्यापैकी एकाने कर्नाटकात किमान सात वर्षं शिक्षण घेतलेलं असावं. वाट चांगली आहे. पोटासाठी बाहेर गेलेल्यांच्या पोरांचा विचार कुणीतरी केला होता, हे तिच्यावरून दिसतं. म्हणून दादाचे दाखले घेऊन आम्ही कागदपत्र तपासणीच्या टेबलासमोर बसलो.

टेबलावरच्या माणसाने एकेक दाखला उलटून पाहिला, पेन्सिलीने मोजलं, परत मोजलं. मग म्हणाला, “आरु इदे, एळु बेकु.” सहा आहेत, सात पाहिजेत. दादाने कन्नडमधून समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहाही विचारला. पण सहाचे सात कसे करणार? त्याच्या हातात काय होतं! त्या माणसावर माझा राग नाही. राग आहे तो सातव्या वर्षाच्या हिशेबावर, आणि ते वर्ष कुठे गेलं हे मला माहीत आहे, कारण त्या वर्षी मी दादाच्या दोन वर्ग मागे, त्याच शाळेत बसत होते.

हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

आप्पा कुवेतला शुवेखच्या एका वर्कशॉपात फ्रिज-एसी दुरुस्त करायचे. आम्ही साल्मियात राहायचो. दादा तीन वर्षांचा असताना गेला, मी तिथेच १९८१ साली जन्मले. तिथे जन्मलं म्हणून कुणी तिथलं होत नाही. बापाला कामावर ठेवणारा कफील, त्याच्या सहीवर बापाचा इकामा, बापाच्या इकाम्यावर आमचा. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो संपत आला की घरात आवाज खाली यायचे, आई देवापुढे जास्त वेळ बसायची. मला वाटायचं, जगात सगळ्यांचाच असतो. पहिल्यांदा बेळगावला सुट्टीत आले तेव्हा मी आज्जीला विचारलं होतं, “तुझा इकामा कधी संपतो ग?” त्यावर घरातले सगळे पोट धरून हसले. पस्तीसेक वर्षांनी भाचीच्या वास्तव्याच्या दाखल्यासाठी नाडकचेरीच्या, म्हणजे इथल्या महसूल कचेरीच्या, रांगेत उभी होते, तेव्हा तो प्रश्न आठवला.

कुवेतमध्ये आम्हाला ‘हिंदी’ म्हणायचे. अरबीत भारतीय माणसाला तोच शब्द. आमचं हिंदी दूरदर्शनच्या जुन्या कॅसेटींवर पोसलेलं, यथातथाच. घरात बोली बेळगावची: “व्हय की”, “असूंदे की”, “काय करालास रे?” शाळेत इंग्रजी, खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मोडकीतोडकी अरबी. मराठी कानाला होती, हाताला नव्हती. लिहिता-वाचता येत नव्हती. सुट्टीत बेळगावला आलं की गल्लीतली पोरं विचारायची, उंटावरून शाळेला जाता काय? परत कुवेतला गेलं की वर्गात सांगायचं, आमच्या गावाला पाऊस इतका पडतो की छत्रीला अर्थ नसतो. दोन्हीकडे दुसरीकडच्या गोष्टी सांगणारी पोरं आम्ही. तेव्हा ते वाईट वाटत नव्हतं. उलट दोन्हीकडे भाव असायचा.

२ ऑगस्ट १९९०, गुरुवार. पहाटे इराकचं सैन्य आत आलं. शाळेला सुट्टी होती. ती शाळा आमच्यासाठी परत उघडलीच नाही. दीड महिना आम्ही खोलीत. मग बसने बसरा, बगदाद, तिथून वाळवंटातून जॉर्डनच्या सीमेवर, तंबूत, पुढे अम्मान. अम्मानहून एअर इंडियाचं विमान. त्या वेळी ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून सुमारे १ लाख ७० हजार माणसं आणली, हे पुढे मोठी झाल्यावर वाचलं. त्यातली चार आम्ही. आमची दोघांची नावं आईच्या पासपोर्टावर होती. आईने दोन बॅगा आणल्या. एकीत कपडे, दुसरीत भांडी. भांडी का, हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. शाळेचे दाखले मात्र आणले नाहीत. कुणाकडून आणणार? शाळेला कुलूप, मुख्याध्यापक स्वतःच कुठल्या तरी बसमध्ये.

शहापुरात उतरलो तेव्हा आज्जीने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चौथ्या दिवशी आम्हाला हाताला धरून जवळच्या मराठी शाळेत नेलं. सहामाही तोंडावर आली होती. दाखला नाही. माझा जन्माचा कागद अरबीत. हेडमास्तर भले गृहस्थ. ते म्हणाले, “बसू देत पोरं वर्गात. नाव जूनमध्ये घालू.” दादा सातवीत बसला, मी पाचवीत. वर्षभर बसलो. दादाने सातवीचा सगळा अभ्यास केला, परीक्षा दिली, पेपर तपासले गेले. फक्त हजेरी घेताना आमची नावं यायची नाहीत. एकदा मी दुसऱ्याच मुलीच्या नावाला “हजर” म्हणाले, वर्ग खो-खो हसला, बाईही हसल्या. पुढच्या जूनमध्ये प्रतिज्ञापत्रावर दादाला हायस्कूलमध्ये आठवीत घेतलं. आठवी, नववी, दहावी ही तीन वर्षं आणि तीन वर्षांचा डिप्लोमा मिळून टेबलावरचे सहा. आणि सातवं ते, पटावर नाव नसलेलं.

हेडमास्तरांनी आमच्यावर उपकार केले की अपकार, हे आता मला ठरवता येत नाही. त्यांनी नाव घालण्याचा हट्ट धरला असता तर कदाचित वर्षभर घरी बसलो असतो.

त्याच वर्षी मी दोन लिप्या शिकले. शाळेत देवनागरी, आणि शेजारच्या अक्कांच्या अंगणात कन्नड. अक्का रांगोळीने अक्षरं काढायच्या आणि मला त्यावरून बोट फिरवायला लावायच्या. सकाळच्या सड्याबरोबर अक्षरं धुऊन जायची, दुसऱ्या दिवशी नवीन. आज दुकानात मी कन्नड टाईप करते, मराठी टाईप करते, आणि अक्कांच्या नातवाचा फॉर्मही मीच भरते. हे मुद्दाम लिहिते, कारण सीमाभागातून मराठीत पत्र आलं की वाचणारा आधीच ठरवून टाकतो की हे कन्नडच्या विरोधात असणार. तसं काही नाही. भाचीही गेल्या दोन वर्षांत कन्नड शिकली. बसमध्ये कंडक्टरने “यल्लिगे?” विचारलं की आता ती माझ्याकडे बघत नाही.

आता महाराष्ट्राच्या साहेबांकडे वळते.

तुमच्या पुस्तिकेत आमच्यासाठी एक रकाना आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी. महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो त्या ८६५ गावांच्या पोरांना त्याचा खरोखर उपयोग झाला आहे. खानापूर, येळ्ळूर, उचगावची कितीतरी पोरं त्यातून पुण्याला, कोल्हापूरला शिकली. निम्म्यांचे फॉर्म माझ्या हातचे. त्याबद्दल मनापासून आभार. पण त्या रकान्यात दहावीही सीमाभागातल्या संस्थेतून हवी आणि बारावीही. भाचीची दहावी मस्कतची. मातृभाषा मराठी आहे, घर यादीतल्या जागेत आहे, बारावी इथली आहे, आणि तरीही रकाना बंद.

वहिनींचं माहेर शिनोळी, चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. बेळगावातून वेंगुर्ला रोडने अर्ध्या तासावर. मधे एक पाटी येते, तिथे राज्य बदलतं. रस्त्याकडेची भाताची शेतं तशीच पुढे जातात. वहिनी पहिलीपासून बारावीपर्यंत तिकडेच शिकल्या, म्हणून कर्नाटकाच्या सात वर्षांना त्यांचा उपयोग नाही. आणि लग्नानंतर माहेरच्या रेशन कार्डावरून नाव कमी झालं, पुढची वीस वर्षं परदेशात गेली, म्हणून महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्यालाही उपयोग नाही. “नवरा कुठला?” असं विचारून त्यांना परत पाठवलं. बाईला कुठल्याही सरकारी टेबलावर हा प्रश्न येतोच, त्यात नवल नाही. पण सीमेवर त्याचं उत्तर देऊन राज्यच बदलतं.

हिशेब मांडून बघा. आईची बारा वर्षं महाराष्ट्रातली, बापाची सात कर्नाटकातली (तुमच्या मते सहा), मुलीची दोन कर्नाटकातली. तिघांची मिळून एकवीस. बेरीज कुणी मागत नाही, हे मला कळतं. पण मग काय मागता ते तरी एकदा आमच्यासारख्यांची घरं डोळ्यांपुढे ठेवून मागा.

दुकानात बसल्या बसल्या मी एक गंमत कितीदा पाहिली आहे. कर्नाटकाच्या पुस्तिकेतही सीमेपलीकडच्या आपल्या माणसांसाठी रकाना आहे: गडिनाडू. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतली, आणि केरळच्या कासरगोड भागातली, कन्नड मातृभाषेची मुलं. त्यांची सात वर्षं कर्नाटकात झालेली नसतात, तरी त्यांना आत घेतात. फक्त कन्नडची एक छोटी परीक्षा घेतात. म्हणजे अक्कलकोटच्या पोराला बेंगळुरूत दार आहे, खानापूरच्या पोराला पुण्यात दार आहे. दोघांच्याही पुस्तिका वाचताना वाटतं, किती जपतात एकमेकांच्या अंगणातल्या लेकरांना! अगदी खरं सांगते, मला ते आवडतं. फक्त दोन्ही पुस्तिका लिहिताना डोळ्यांपुढे एकच सीमा होती. माणसं दुसरीही ओलांडतात, आणि कधीकधी दोन पिढ्या ओलांडतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

परवा एक गृहस्थ दुकानात म्हणाले, “मग एन.आर.आय. कोटा आहे की! गल्फवाल्यांना काय कमी?” त्यांना मी चहा पाजला आणि हिशेब सांगितला, तुम्हालाही सांगते. दादा मस्कतला एका कंपनीत सुपरवायझर होता. ओमानने आपल्या तरुणांना काम मिळावं म्हणून परदेशी माणसं कमी करायचं धोरण धरलं. २०१८ च्या जानेवारीत ८७ प्रकारच्या कामांसाठी बाहेरच्यांना नवीन व्हिसा देणं थांबवलं. त्यांचा देश, त्यांचा हक्क. त्याबद्दल दादाची तक्रार नाही. दोन-तीन वेळा वाचला, २०२३ मध्ये नंबर लागला. आता तो उद्यमबागेत एका कारखान्यात आहे, पगार तिकडच्या चौथाईइतका. त्याने एन.आर.आय. कोट्याची फी कुठून भरायची? केंद्र सरकारने एन.आय.टी.साठी आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांचा वेगळा कोटा ठेवला आहे, फीही कमी; पण त्यासाठी बाप अजून तिकडे कामाला असावा लागतो. नोकरी गेली की तो कोटाही गेला. मस्कतचा इकामा संपला, इथला सुरू होईना.

राहिला मॅनेजमेंट कोटा. त्यावर काही लिहीत नाही.

एक गोष्ट आणखी, ती फक्त आमच्या घरची नाही. आमच्या वेळी दाखला नाही म्हणून नाव घालता आलं नाही, ठीक. तेव्हा कायदाच नव्हता. २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून अडवायचा नाही, वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यायचं, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. स्वच्छ लिहिलंय. तरी आजही माझ्या दुकानात आया येतात. कुणी गोव्याहून बांधकामावरून परतलेली, कुणी पुण्याहून, कुणी दुबईहून. पोरगं शाळेत जातंय, पण “अजून नंबर आला नाही.” म्हणजे विद्यार्थ्याची ऑनलाईन नोंद झालेली नाही. आधीच्या राज्यातून नोंद हलली नाही, नाहीतर परदेशच्या शाळेचा कोड फॉर्ममध्ये बसत नाही. पोरगं बाकावर, नाव हवेत. मी त्या आयांना हात जोडून सांगते, आजच नोंद करून घ्या, मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. त्या म्हणतात, “बाई, सर चांगले आहेत, बसू दिलंय.” चांगलेच असतात ते. आमचेही चांगलेच होते.

आणि नकाराची भाषा. या भागात नकार सहसा तोंडी मिळतो. कागदावर मिळालाच तर कन्नडमध्ये. मला वाचता येतो, वहिनींना येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने मान्य केलेल्या तरतुदींत आहे, की जिथे एखादी भाषा बोलणारे १५ टक्क्यांहून कमी नाहीत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी बोलणारे किती, हे कुणाला मोजून दाखवायची गरज नाही. कन्नडचा मान ठेवूनच मागते: वर कन्नड, खाली मराठी. प्रिंटरला शाई थोडी जास्त लागेल, तेवढंच.

आपल्या माणसांनाही दोन शब्द. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं, त्याच्या निषेधाच्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाच्या फेरीत मीही चालते. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वंदन करायला जाते. १९५६ पासूनची गाऱ्हाणी आम्हाला पाठ आहेत. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेला महाराष्ट्राचा दावा, यावर आमच्या गल्लीतला कुणीही तासभर बोलेल. पण सीमाभागाच्या रकान्यात ‘दहावी आणि बारावी’ यातला तो ‘आणि’ कुणाची वाट अडवतो, हे आजवर एकाही सभेत ऐकलं नाही. निवेदनं देता तेव्हा पुढच्या वेळी हा एक शब्दही घाला. अर्जाचा मसुदा मी फुकट टाईप करून देईन.

आता मागण्या. साध्या आहेत, कायदा बदलावा लागेल अशी एकही नाही. पुस्तिका दरवर्षी नवीन छापताच.

कर्नाटकाच्या अधिकाऱ्यांना: पालकांची सात वर्षं मोजताना, युद्धामुळे किंवा अशाच आपत्तीमुळे परदेशातून परतलेल्यांची जी वर्षं पटावर नाहीत, ती इतर पुराव्यांवर मोजा. पासपोर्टावरचे परतीचे शिक्के, शाळेच्या वह्या, त्या वर्गातल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं. १९९० साली कुवेतहून फक्त बेळगावचीच माणसं आली नाहीत, मंगळूर-उडुपीचीही आली. त्यांच्या नातवंडांचेही फॉर्म आता तुमच्या टेबलावर येतील. आणि परदेशात वाढून इथे पी.यू.सी. केलेल्या, इथे घर असलेल्या मुलांसाठी गडिनाडूसारखीच वाट काढा. कन्नडची परीक्षा घ्यायची तर जरूर घ्या. भाची बसेल. हवं तर मीही बसते.

महाराष्ट्राच्या अधिकाऱ्यांना: सीमाभागाच्या रकान्यातला ‘आणि’ काढून ‘किंवा’ करा. दहावी किंवा बारावी, यांपैकी एक सीमाभागातून, सोबत यादीतल्या गावातलं वास्तव्य आणि मातृभाषा मराठी. मातृभाषेचा संशय असेल तर मुलीला समोर बसवा आणि बोला. तिच्या मराठीत बेळगाव आहे आणि थोडं मस्कत. पुण्याच्या कानाला ती खटकेल, पण दाखल्यापेक्षा खरी आहे. आणि लग्न होऊन राज्याबाहेर गेलेल्या बाईच्या अधिवासाचा प्रश्न सीमेवरच्या तालुक्यांसाठी वेगळा बघा. चंदगड, गडहिंग्लज, कागल, इथल्या किती लेकी बेळगाव जिल्ह्यात दिल्या आहेत, कुठल्याही लग्नपत्रिकेवर दिसेल.

दोघांनाही: प्रवेशाच्या दिवसांत या जिल्ह्यात आठवड्यातून एक दिवस दोन्ही राज्यांचा एकेक माणूस एका टेबलाशी बसवा. जमिनीवरून तुम्ही भांडा, वकील आहेतच. पोरांच्या दाखल्यांसाठी दोन खुर्च्या शेजारी ठेवायला कोर्टाची मनाई नाही. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचं कारण लेखी, दोन्ही भाषांत द्या. आणि वर्षाच्या मध्ये बाहेरून आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्याच दिवशी पटावर घालण्याचा आदेश शाळांना परत एकदा, ठळक अक्षरांत पाठवा.

भाची सध्या काय करते, असं विचाराल. सकाळी दुकानात मला मदत करते. नवीन पोरांचे फॉर्म भरते, अपलोड करते, फोटोचा आकार बसत नसेल तर बसवून देते. काल एक बाई मुलाला घेऊन आली, शारजाहून परतलेली, मूल आठवीत. भाचीने मी सांगायच्या आधीच त्यांना विचारलं, “पटावर नाव घातलंय का? आधी ते बघा, मग बाकीचं.” मी मशीनकडे तोंड करून कागद लावत राहिले.

तुमच्या उत्तराची वाट बघते. तोंडी नको, लेखी द्या.

आपली,
शहापूर, बेळगाव इथली एक झेरॉक्सवाली

सोबत जोडले आहे:
आईच्या जुन्या पासपोर्टाच्या चार पानांची प्रत, त्यावर आम्हा दोघांची नावं आणि अम्मानचा सप्टेंबर १९९० चा शिक्का.
दादाची सातवीची गणिताची वही, १९९०-९१, शेवटच्या पानावर हेडमास्तरांची लाल शाईतली सही. टेबलावर ही वही बघायला नकार मिळाला होता. मूळ वही माझ्याकडे आहे. मागाल तेव्हा आणून दाखवीन, पण ठेवून घेऊ देणार नाही.